अक्षरी पडद्यावरील रंगांची वाढती मर्यादा

संगणकावर चित्रे आणि खिडक्या अवतरण्यापूर्वी पडद्यावर केवळ अक्षरेच उमटत असत. या अक्षरी पडद्यास 'टर्मिनल' म्हणतात. तो कालबाह्य झाला असे अनेकांस वाटते. परंतु दूरस्थ सर्व्हरची देखभाल करणारे तंत्रज्ञ आजही त्यावरच काम करतात. १९७८ साली आलेल्या 'व्हीटी १००' या गाजलेल्या टर्मिनलवर रंग मुळीच नव्हते. पुढे काळा, तांबडा, हिरवा, पिवळा, निळा, किरमिजी, आकाशी व पांढरा हे आठ रंग रूढ झाले. कालांतराने ही संख्या २५६ वर गेली : १६ मूळ रंग, तांबडा, हिरवा व निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्यांच्या मिश्रणातून २१६, आणि २४ राखी छटा.

पडदा सुधारला, तरी अडचण अन्यत्र होती. शाळा-महाविद्यालयांतून शिकवल्या जाणाऱ्या 'पायथॉन' या आज्ञावली-भाषेत अक्षरी पडद्याची मांडणी करण्यासाठी 'कर्सेस' नावाचा तयार आज्ञांचा संच आहे. त्यात रंग सुटा वापरला जात नाही. अक्षराचा एक आणि पार्श्वभूमीचा एक, अशी जोडी ठरवून तिला क्रमांक द्यावा लागतो. २५६ रंगांच्या अशा जोड्या होतात ६५,५३६. क्रमांक लिहिण्याचा रकाना मात्र ३२,७६७ पर्यंतच्याच संख्या सामावणारा! नोंदवहीत क्रमांकासाठी दोनच घरे आखली असतील, तर शंभरावी नोंद करावी कोठे, असाच हा प्रश्न होय.

रकाना रुंद केला की झाले, असे कोणीही म्हणेल. पण जुन्या मापावर विसंबून तयार झालेल्या असंख्य आज्ञावल्या त्यामुळे कोलमडल्या असत्या. म्हणून पायथॉनच्या या संचाचा आधार असलेल्या 'एनकर्सेस'च्या ६.१ या आवृत्तीत, २०१८ साली, जुन्या आज्ञा जशाच्या तशा ठेवून शेजारी मोठ्या मापाच्या नव्या आज्ञा देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथॉनच्या ३.१० या आवृत्तीने त्या स्वीकारल्या. लिहिणाऱ्याने पूर्वीचेच नाव वापरायचे. नवी आज्ञा उपलब्ध असल्यास भाषा ती आपोआप योजते. ही योजना शहाणपणाची खरी, परंतु त्या वेळी ती अपुरीच राहिली. जोड्या हजारोंनी नोंदवता येऊ लागल्या, तरी अक्षराला जोडी लावणारी नेहमीची आज्ञा पहिल्या २५६ जोड्यांपुरतीच होती. अक्षरासोबत जोडीचा क्रमांक ठेवण्याची जागा आठच द्विमान अंकांची असल्याने हे बंधन आले. हे ध्यानी न घेता पुढचा क्रमांक दिला, तर धोक्याची सूचना भलत्याच रंगात उमटण्याचा संभव असतो. तांबडा-हिरवा भेद न जाणवणाऱ्या व्यक्ती तर सर्वत्र आहेतच; तेव्हा अशी सूचना शब्दांतही द्यावी, हे बरे.

प्रत्येक संगणकावर नवा संच असेलच असे नाही. म्हणून ३.१० आवृत्तीत 'हॅज एक्स्टेंडेड कलर सपोर्ट' ही आणखी एक आज्ञा आली. वाढीव रंगांची सोय तेथे आहे किंवा नाही, एवढेच ती सांगते. आणि नसल्यास आठ रंगांत भागवण्याची तजवीज आज्ञावली लिहिणाऱ्यास आधीच करून ठेवता येते.