सोळा मिलिमीटर

सेलूला गेलो होतो कापूस पाहायला. एका जिनिंगच्या मागे जुने रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, दुरुस्त करणारं वर्कशॉप आहे, तिथे चहाला टेकलो. भिंतीशी एक कोरी करकरीत जाळी उभी होती आणि तिच्यावर मार्करने मोठ्ठा आकडा : १६.

"हे काय?"

"फी हाय, काका. शिकायची," कॉम्प्युटरपुढचा पोरगा म्हणाला.

तेलकट सरकी आणि तापलेलं चामडं यांचा मिळून एक वास तिथे भरलेला असतो. पोराच्या कीबोर्डलाही तोच वास, कळांच्या फटींत रुई. मोडलेला भाग मोजायचा, सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तसाच उभा करायचा आणि फाइल लेझर कटिंगला बुटीबोरीला पाठवायची, हे त्याचं काम.

जाळी डबल रोलर रेच्याची होती. चामड्याचे रोलर रुई ओढतात, सुऱ्या सरकी झटकतात आणि सरकी खालच्या जाळीतून गळते. चामड्याच्या रोलरची ही युक्ती मॅकार्थी नावाच्या अमेरिकन माणसाची, १८४० सालची. जाळीच्या एका ओळीत ८१ खाचा. त्या एकेक करून कोणी काढत बसत नाही. एक काढायची, अंतर सांगायचं, संख्या सांगायची. बाकीच्या ८० आपोआप उमटतात. हा पॅटर्न. आणि त्या पहिल्या खाचेला सॉलिडवर्क्स म्हणतं ‘सीड’. बी! गावाचा अर्धा उद्योग कापसातलं बी काढून टाकण्याचा, आणि हा पडद्यावर बी पेरत बसलेला. मला हसू आलं, त्याला नाही आलं. त्याचं पेरणीचं अंतरच चुकलं होतं.

जुन्या जाळीच्या दोन खाचांमधलं अंतर त्याने व्हर्नियरने मोजलं. कडा घासून बोथट झालेल्या. माप आलं साडेबाराच्या आसपास. त्याने साडेबारा लिहिलं. जाळी झकास उमटली, कुठेही लाल खूण नाही. पत्रा कापून आला आणि यंत्रावर बसेना. खरं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७. एका अंतराला ०.२ चा फरक, तो ८० वेळा. सोळा मिलिमीटर. बोल्टची भोकं शेवटच्या खाचेपासून मापलेली, तीही सोबत सरकली. मेट्रिकचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला. या रेच्यांपर्यंत तो अजून पोचायचा आहे.

"चूक झाली तं हे सांगत नाही, काका. याले जे बनवता नाही येत, तेवढंच सांगते."

गंमत पुढे आहे. त्याने भोकं पत्र्याच्या कडेपासून बांधून घेतली, साडेबाराचं १२.७ केलं, आणि आता बरोबर माप टाकल्यावर लाल खूण आली. कोपऱ्यातली शेवटची खाच बोल्टच्या भोकाला नेमकी टेकत होती. टेकते तिथे मधल्या पत्र्याची जाडी शून्य, आणि शून्य जाडीचा पत्रा सॉलिडवर्क्स बनवत नाही. १२.६९ लिहिलं असतं तर लाल खूण तेवढ्यात गेली असती : ८० अंतरांत खाच ०.८ मिलिमीटर मागे आली असती आणि मध्ये कागदासारखी एक पट्टी उरली असती, पहिल्याच हंगामात तुटायला. मी असतो तर १२.६९ लिहून मोकळा झालो असतो.

तो उठला आणि जुनी जाळी उजेडात नेली. कोपऱ्यात खाच नव्हती. आधी त्याला ते वेल्डिंगचं ठिगळ वाटलं होतं. कानशीने गंज खरवडल्यावर खाली सलग पत्रा निघाला. चारही कोपऱ्यांत तेच. मूळ कारागिराने त्या जागा मुद्दाम सोडल्या होत्या. पॅटर्नमध्ये तशी सोय आहे. नको त्या खाचेवरच्या ठिपक्यावर क्लिक केलं की ती गळते. चारही कोपऱ्यांतल्या खाचा गाळल्या, लाल खूण गेली.

मला राहून राहून आठवतात ते तिथले म्हातारे मिस्त्री. पहिल्या दिवसापासून ते म्हणत होते, "चाळीसची जाळी हाय ते." पोराला वाटलं, पार्टचा नंबर असेल. नंतर त्याने टेप पहिल्या खाचेपासून ८१ व्या खाचेपर्यंत धरली : १०१६ मिलिमीटर. चाळीस इंच. आता तो दोन खाचांमधलं अंतर मोजतच नाही; टोकापासून टोकापर्यंत मोजतो आणि भागतो.

मी निघालो तेव्हा पुढचं काम टेबलावर आलं होतं, कापूस झाडायचा दातेरी सिलिंडर. एका फेरीत सात दाते. ३६० ला सातने पूर्ण भाग जात नाही, म्हणून मी आगाऊपणे ५१.४३ सुचवलं.

"अंश लिहायचेच नाही, काका. पूर्ण गोल द्यायचा अन् दाते किती ते सांगायचं. भागाकार त्याचा तो करते."

"सातच हाय ना पण?" मिस्त्रींनी मागून विचारलं आणि खडू घेऊन सिलिंडर हाताने फिरवायला लागले. एक दाता, एक रेघ.