फक्त बदललेलं बोला!

रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना कधी नीट वाचली आहे? माटुंगा ते मुलुंड जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवणार, अमुक स्टेशनांवर जादा थांबे, गाड्या उशिरा. बस्स! रेल्वे काही अख्खं टाइमटेबल पुन्हा छापत बसत नाही. रोजचं वेळापत्रक आपल्या डोक्यात आहे असं धरून फक्त फरक सांगते. कॉम्प्युटरवाले या फरकालाच 'डेल्टा' म्हणतात.

आता ऑफिसात या. समजा हिशेबाची पन्नास एमबीची फाइल आहे. दिवसभरात भर पडते चार नोंदींची, पण बॅकअप म्हणून आपण रोज अख्खी फाइल कॉपी करतो. महिन्याला झाले १,५०० एमबी! त्यातलं नवीन किती? चिमूटभर. मग कंटाळा येतो आणि 'उद्या घेऊ बॅकअप' सुरू होतं. माझ्या मते खरा धोका इथेच आहे.

यावरचा उपाय म्हणजे डेल्टा लायब्ररी, म्हणजेच सॉफ्टवेअरमध्ये जोडता येणारा तयार कोड. तिला जुनी आणि नवी फाइल द्या. ती एक छोटा 'पॅच' बनवते. त्यात मुख्यतः दोनच प्रकारचे हुकूम असतात: 'जुन्या फाइलमधला अमुक तुकडा उचल' आणि 'इथे हे नवे बाइट्स घाल'. हे हुकूम कसे लिहायचे याचा 'व्हीसीडिफ' नावाचा नमुना २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. 'एक्सडेल्टा' ही लायब्ररी तोच वापरते.

फायदा किती? गूगलने २००९ मध्ये क्रोम ब्राउझरच्या एका अपडेटचे आकडे दिले होते. पूर्ण अपडेट १,०३,८५,९२० बाइट्स. कॉलिन पर्सिव्हलच्या 'बीएसडिफ'ने केलेला पॅच ७,०४,५१२. आणि गूगलच्या 'कूर्जेट'ने केलेला? फक्त ७८,८४८! म्हणजे मूळच्या एक टक्क्याहूनही कमी.

पण जुनी फाइल मुलुंडच्या मशीनवर आणि नवी अंधेरीत असेल तर? त्याचं उत्तर १९९६ मध्येच 'आरसिंक'ने दिलं. मुलुंडचं मशीन आपल्या फाइलच्या तुकड्यांचे छोटे चेकसम, म्हणजे बोटांचे ठसेच म्हणा ना, अंधेरीला पाठवतं. अंधेरीचं मशीन ते जुळवून बघतं आणि जे जुळत नाही तेवढंच पाठवतं.

अंधेरीची फाइल मुलुंडला कशाला, असं वाटतंय? २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांत घराघरांत पाणी शिरलं. अशा दिवशी कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर असली, तर दोन्ही एकदमच बुडणार. दुसरी प्रत दुसऱ्या वस्तीतच हवी. रोज अख्खी फाइल पाठवणं जड जातं, चार नोंदींचा पॅच मात्र चहा संपेपर्यंत पोचतो.

अर्थात, गोम आहेच. आयुष्यात पहिल्यांदा मुंबईत आलेल्या पाहुण्याला मेगाब्लॉकची सूचना देऊन बघा. त्याला काय कळणार? मूळ वेळापत्रकच माहीत नाही ना! डेल्टाचंही तसंच आहे. मूळ फाइल हरवली की पॅच म्हणजे रद्दी. सोमवारचा पॅच रविवारच्या फाइलवर, मंगळवारचा सोमवारवर, अशी साखळी असेल तर बुधवारची कडी तुटल्यावर गुरुवार-शुक्रवारही गेले. म्हणून आठवड्यातून एकदा तरी पूर्ण प्रत घ्या. जोडून तयार झालेल्या फाइलचा चेकसम तपासा. आणि महिन्यातून एकदा फाइल खरोखर परत मिळवून, उघडून बघा.

आणखी एक. झिप केलेल्या फाइलींवर ही जादू फारशी चालत नाही. आत एक ओळ बदलली तरी बाहेरचे बरेच बाइट्स बदलू शकतात. गूगलने २०१६ मध्ये प्ले स्टोअरच्या अपडेटसाठी यावर तोड काढली: आधी आतल्या फाइली सुट्या करायच्या, फरक काढायचा आणि मग पुन्हा दाबायच्या. तुम्हीही बॅकअपला आधी मूळ फाइल द्या, झिप नंतर.

थोडक्यात काय, रोज फरक पाठवा, पण मूळ जिवापाड जपा. पुढचा पावसाळा काही विचारून येणार नाही!