समांतर लैंगिक संबंध आणि एच.आय.व्ही.चा प्रसार

प्रास्ताविक

एच.आय.व्ही.विषयी वर्गात बोलताना जोडीदार जितके अधिक तितका धोका अधिक, असे बहुधा सांगितले जाते. हे विधान चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. ५९ देशांतील माहितीचा आढावा २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वर्षभरात दोन किंवा अधिक जोडीदार असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण विकसनशील देशांपेक्षा औद्योगिक देशांत अधिक असल्याचे त्यात आढळले. तरीही एच.आय.व्ही.ची सर्वांत तीव्र साथ दक्षिण व पूर्व आफ्रिकेत पसरली. केवळ संख्येवरून या गोष्टीचा उलगडा होत नाही. म्हणून काही संशोधकांनी संबंध केव्हा सुरू होतात व केव्हा संपतात, याकडे लक्ष वळवले.

संकल्पना

एका जोडीदाराशी आलेल्या दोन संबंधांच्या दरम्यान दुसऱ्या जोडीदाराशी संबंध येत असेल, तर ते 'समांतर संबंध' होत. एक नाते संपल्यावर दुसरे सुरू झाले, तर ते 'क्रमिक संबंध' होत. दोन्ही प्रकारांत जोडीदारांची संख्या सारखीच असू शकते.

समजा, 'अ' या व्यक्तीचे प्रथम 'ब'शी नाते होते. ते संपले आणि नंतर 'क'शी जुळले. 'क'कडून 'अ'ला लागण झाली, तरी ती मागे जाऊन 'ब'पर्यंत पोहोचत नाही. परंतु दोन्ही नाती एकाच काळात चालू असतील, तर लागण 'ब'कडून 'क'कडे आणि 'क'कडून 'ब'कडेही जाऊ शकते. क्रमिक संबंधांत विषाणूची वाट एकाच दिशेने जाते, तर समांतर संबंधांत ती दोन्ही बाजूंनी खुली राहते.

वेळेचे महत्त्व

लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण फार मोठे असते. युगांडातील राकाई जिल्ह्यातील अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पहिल्या सुमारे अडीच महिन्यांत प्रत्येक संबंधामागे लागण होण्याची शक्यता नंतरच्या दीर्घ काळाच्या तुलनेत सुमारे बारा पट होती. क्रमिक संबंधांत नवे नाते जुळेपर्यंत हा काळ बहुधा उलटून जातो. समांतर संबंधांत मात्र याच काळात दुसरा जोडीदार संपर्कात असतो.

मार्टिना मॉरिस व मिर्यम क्रेट्झश्मार यांनी १९९७ मध्ये संगणकीय प्रतिकृतीद्वारे हा परिणाम मोजला. निम्मे संबंध समांतर असतील, तर पाच वर्षांनी साथीचा आकार क्रमिक एकनिष्ठतेच्या स्थितीपेक्षा दहा पट होतो, असे त्यांना आढळले.

संबंधांचे जाळे

मलावी सरोवरातील लिकोमा बेटावर हेलरिंगर व कोहलर यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लैंगिकदृष्ट्या सक्रिय असलेल्या उत्तरदात्यांपैकी सुमारे निम्मे जण एकाच मोठ्या जाळ्यात परस्परांशी जोडलेले होते. प्रत्येकाचे जोडीदार मोजके असूनही हे जाळे तयार झाले होते.

धोका कोणाला?

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. समांतर संबंध ठेवणाऱ्याला स्वतःला असलेला धोका मुख्यतः त्याच्या जोडीदारांची संख्या व त्यांची स्थिती यांवर अवलंबून असतो. संबंध समांतर असल्याने वाढतो तो त्याच्या जोडीदारांचा धोका. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रिया बाधित असल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. पतीखेरीज कोणाशीही संबंध नसलेल्या विवाहित स्त्रियांपर्यंत लागण पोहोचल्याचे या अभ्यासाने दाखवले. त्यांचा धोका त्यांच्या वर्तनातून नव्हे, तर पतीच्या संबंधांतून आला होता. त्यामुळे बाधित व्यक्तीच्या लागणीवरून तिच्या चारित्र्याविषयी अनुमान काढणे शास्त्रीयदृष्ट्याही चुकीचे ठरते.

मतभेद

हा सिद्धान्त सर्वमान्य नाही. प्रतिकृतीत लागणीचा दर प्रत्यक्षापेक्षा फार मोठा गृहीत धरला, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलु-नाताल येथे सात हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला व तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्त्यांत पुरुषांचे समांतर संबंध अधिक, तेथे स्त्रियांना नवी लागण अधिक होते, असे त्यात आढळले नाही. मात्र पुरुषांच्या जोडीदारांची एकूण संख्या जेथे अधिक, तेथे धोका अधिक दिसला.

बहुपत्नीत्वाचे उदाहरणही विचार करायला लावते. रेनिअर्स व वॉटकिन्स यांनी २०१० मध्ये दाखवले की, आफ्रिकेत ज्या भागांत बहुपत्नीत्व अधिक आहे तेथे एच.आय.व्ही.चे प्रमाण तुलनेने कमी आढळते. नाती समांतर असली, तरी ती बंद वर्तुळात राहिली तर विषाणूला बाहेरून वाट मिळत नाही, हे याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. परंतु एकाने जरी वर्तुळाबाहेर पाऊल टाकले, तरी घरातील सर्वच धोक्यात येतात.

समारोप

युगांडात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'झीरो ग्रेझिंग' ही मोहीम राबवली गेली. दावणीला बांधलेल्या जनावराने आपल्याच वर्तुळात चरावे, बाहेर भटकू नये, असा तिचा ग्रामीण आशय होता. पुढे तेथील साथ ओसरली. तिची कारणे अनेक असली, तरी बाहेरील संबंध कमी होणे हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

आज प्रतिबंधाची साधने अधिक आहेत. कंडोम, चाचणी आणि उपचार ही त्यांतील प्रमुख होत. नियमित औषधांमुळे रक्तातील विषाणू मोजणीत न येण्याइतके कमी राहिले, तर लैंगिक मार्गाने लागण होत नाही. भारतात २००४ पासून शासकीय केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही.

वर्गात हा विषय मांडताना शिक्षकांनी फळ्यावर अ, ब, क अशी वर्तुळे काढून, त्यांना रेषांनी जोडून, प्रत्येक नाते केव्हा सुरू झाले व केव्हा संपले हे लिहावे. "हे बाधित कसे झाले?" या प्रश्नाचे उत्तर त्या एका व्यक्तीत नसून रेषांच्या मांडणीत आहे, हे विद्यार्थ्यांना त्या आकृतीवरून समजेल.