नवजात बाळांच्या कक्षात नोकरी: शिरूर-दौंडमधल्या नव्या परिचारिकांसाठी

एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग पूर्ण झाले की बाळंतपणाचे शिक्षण त्यात आलेच. त्यापुढे बाळांच्या विभागात जायचे असेल, तर वाट क्रमाने पाहू.

पहिली पायरी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडची नोंदणी. गुणपत्रिका आणि आधारवरचे नाव जुळते का, ते आधीच तपासा. लग्नानंतर बदललेल्या नावावर अर्ज अडतात. नोंदणीची मुदत संपण्याआधी नूतनीकरणही करा.

दुसरी पायरी पदाची निवड. एएनएम झालेल्यांना उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सेविकेचे काम मिळते. बाळांच्या कक्षातल्या स्टाफ नर्सला मात्र सहसा जीएनएम किंवा बीएस्सी लागते. जाहिरातीतली पात्रता न वाचल्याने बरेच अर्ज बाद होतात.

तिसरी पायरी, कामाची जागा. सरकारी व्यवस्थेत तीन स्तर आहेत. बाळंतपण होते तिथे नवजात शिशु कोपरा. त्यात वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारे यंत्र, आणि श्वास देण्याची पिशवी असते. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर सुमारे 4 खाटांचा स्थिरीकरण कक्ष. अत्यवस्थ बाळाला पुढे पाठवण्याआधी इथे सावरतात. जिल्हा पातळीवर एसएनसीयू, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या बाळांचा विशेष कक्ष, किमान 12 खाटांचा. पुण्यात औंधचे जिल्हा रुग्णालय आहे, ससून आहे. थेट तिकडे धाव घेण्यापेक्षा दौंडचे उपजिल्हा रुग्णालय, शिरूर किंवा यवतचे ग्रामीण रुग्णालय इथल्या प्रसूतिगृहात हात बसवून घ्या.

चौथी पायरी हाताचे कौशल्य. जन्मल्यावर बाळ रडले नाही, तर पहिल्याच मिनिटात पुसून, कोरडे करून, गरज पडल्यास पिशवीने श्वास द्यावा लागतो. नवे हात इथे चुकतात: मास्क नाका-तोंडावर घट्ट बसत नाही, बाजूने हवा निसटते आणि छाती उचलतच नाही. वॉर्मरचा तापमान मोजणारा तुकडा त्वचेवरून सुटला, तर यंत्र चुकीची ऊब देते. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात बाहुलीवर याचा सराव होतो. संधी मिळताच नाव द्या.

शेवटी अर्ज. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी पदांसाठी जिल्हा परिषदेचे संकेतस्थळ पाहत राहा. नेमणूक ठरावीक मुदतीची असते, म्हणून अनुभवाचा दाखला दरवेळी कामाच्या ठिकाणाहून लेखी घ्या. त्यात 'प्रसूतिगृह' किंवा 'नवजात कक्ष' असा विभाग लिहून मागा. नुसते 'परिचारिका' लिहिलेला दाखला पुढच्या मुलाखतीत फारसा कामी येत नाही. आणि नोकरी लावतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.