आधी मत, मग उत्तर

पत्र्याच्या मधोमध गोल भोक आहे. पत्रा सगळीकडून सारखा तापवला, तर भोक मोठं होईल, लहान होईल की तेवढंच राहील?

हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांचा हा आवडता प्रश्न. 1991च्या सुमारास त्यांनी वर्गात सलग व्याख्यान देणं थांबवलं. मुलं अवघड गणितं सोडवत होती, पण ट्रक आणि छोटी गाडी धडकली तर कोण कोणावर जास्त बल लावतं, यावर अडखळत होती. (दोन्ही बलं सारखीच असतात.)

त्यांच्या या पद्धतीत तास असा चालतो. धडा मुलं घरून वाचून येतात. थोडं विवेचन झालं की प्रश्न पडद्यावर येतो. मिनिट-दोन मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं विचार करायचा आणि कार्ड दाखवून किंवा क्लिकरचं बटण दाबून मत द्यायचं. या वेळी बोलायला बंदी, नाहीतर पहिल्या बाकावरच्या हुशार पोराचं उत्तर सगळा वर्ग उचलतो. शिक्षक मतं पाहतात, पण उत्तर सांगत नाहीत. बरोबर मतं तीस टक्क्यांहून कमी असली तर मुद्दा पुन्हा समजावायचा, सत्तरच्या वर असली तर थोडक्यात सांगून पुढे जायचं. खरी मजा मधल्या टप्प्यात. वेगळं उत्तर दिलेला शेजारी गाठायचा आणि त्याला पटवायचं.

वर्गात एकच गलका उडतो. ‘धातू आतल्या बाजूलाही पसरणार, म्हणजे भोक लहान होणार!’ ‘मग बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती तापवतात कशाला?’ असं कोणी विचारलं की पहिला गप्प होतो. तापवल्यावर भोक मोठंच होतं. शेजाऱ्याचं म्हणणं पटतं, कारण नुकतंच समजलेल्या मुलाला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असतं. वीस वर्षं तोच विषय शिकवणारा ते विसरलेला असतो.

शिक्षक तोवर बाकांमधून फिरत चुकीचे युक्तिवाद कान देऊन ऐकतात. मग दुसरं मतदान, आणि त्यानंतरच स्पष्टीकरण. माझ्या मते सगळ्यात जड काम आदल्या रात्रीचं, जिथे वर्ग दुभंगेल असा प्रश्न शोधायचा असतो.

हार्वर्डमध्येच 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना असं सहभागी करून घेणाऱ्या तासांना मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. ‘सर शिकवतच नाहीत’ ही तक्रार त्यामुळे येणारच. पद्धत अशी का आहे, हे पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांगितलेलं बरं.