सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा

मध्य प्रदेशातील जामसांवली येथील निद्रिस्त हनुमंताच्या दर्शनास सायकलीने येणाऱ्या बलोपासकांनी ज्यांचे कृतज्ञ स्मरण करावे, असे तीन दिवंगत मुंबईकर म्हणजे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा. मुंबईच्या एका वेटलिफ्टिंग क्लबातील सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी निघाले. पैकी तिघे वाटेत विलग झाले, परंतु उपरोक्त तिघांनी इराण-इराकची वाळवंटे, युरोप, अमेरिका, जपान व चीन पालथे घालून, सुमारे ७१,००० किलोमीटरांची मजल मारून, १८ मार्च १९२८ रोजी मुंबई गाठली. जवळजवळ साडेचार वर्षे अखंड टिकलेला हा निर्धार मला त्या अंतराहूनही वंदनीय वाटतो. त्यांच्या प्रवासवृत्तास जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना लाभली आहे. मिळाल्यास अवश्य वाचावे.