खानापूरचे घड्याळ, दिग्बोईचा सूर्य

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. संध्याकाळचे पाच वाजले होते. लष्करात असलेल्या माझ्या मामांचा आसामातील दिग्बोईहून फोन आला. "दिवे लावून बसलोय, काळोख पडला," ते म्हणाले. आज्जीला ते पटेना. "अरे, आमच्या दारात अजून ऊन हाय की!" घड्याळात मात्र दोन्हीकडे पाचच वाजलेले. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असलो तरी त्या दिवशी मी भूगोलाचे जुने पुस्तक शोधून काढले.

हिशेब सोपा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. खानापूर सुमारे ७४.५ पूर्व रेखांशावर, तर दिग्बोई ९५.६ वर. फरक २१ अंशांचा, म्हणजे ८४ मिनिटांचा. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली ठरली ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ रेखांशावरून. तिच्या मानाने आमचा सूर्य ३२ मिनिटे मागे आणि दिग्बोईचा ५२ मिनिटे पुढे. शिवाय दिग्बोई आपल्यापेक्षा बरेच उत्तरेला असल्यामुळे तिथला हिवाळ्यातला दिवस आखूड आणि उन्हाळ्यातला लांब. म्हणून डिसेंबरात तिथे सव्वाचारला सूर्य मावळतो, आमच्याकडे सहानंतर. उलट जूनमध्ये तिथे पहाटे सव्वाचारलाच सूर्य उगवतो, तेव्हा खानापूर गाढ झोपेत असते!

दोन्ही गावे तशी लहान, दोन्हीकडे रान आणि पाऊस भरपूर. पण स्वभाव वेगळे. मलप्रभेकाठचे खानापूर मातीवर जगते. इथल्या विटा, कौले आणि मडकी प्रसिद्ध आहेत. उन्हात वाळणाऱ्या विटेला घड्याळाची घाई नसते. बाजारात एकाच दुकानी मराठीत भाव विचारावा आणि कानडीत घासाघीस करावी, अशी इथली रीत. दिग्बोई तेलावर वाढले. तिथला तेलशुद्धीकरण कारखाना १९०१ सालचा, आशियातील पहिला. तिथेही बाजारात असमिया, बंगाली, नेपाळी, हिंदी अशा भाषा कानी पडतात. मात्र हिवाळ्यात बाजार लवकर ओस पडतो, असे मामा सांगतात.

आसामातील चहामळ्यांनी या अडचणीवर आपल्यापुरता तोडगा कधीच काढला आहे. तिथे 'बागान टाइम' चालतो, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. आपल्या घड्याळात आठ, तर मळ्यात नऊ. उजेड असेतो पाने खुडून व्हावीत, हा हेतू. आपल्यालाही हे नवे नाही. प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईचे घड्याळ ३९ मिनिटे पुढे करावे लागणार होते. मुंबईकरांनी विरोध केला आणि 'मुंबई टाइम' पुढे कित्येक वर्षे टिकला.

राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली देशात दोन प्रमाणवेळा सुचवल्या. पण आगगाड्या, बँका, परीक्षा यांचा घोटाळा होईल ही भीती आहेच. म्हणून आजही वेळ एकच आहे.

आम्हा वाणिज्यवाल्यांना जमा दिसली की खर्च शोधायची सवय. एका वेळेमुळे साऱ्या देशाचा व्यवहार सुरळीत चालतो, ही जमा. खर्च मात्र सर्वांच्या नावे सारखा पडत नाही. जूनमध्ये दहाची कचेरी उघडेपर्यंत दिग्बोईत पावणेसहा तासांचा उजेड सरलेला असतो, आणि डिसेंबरात पाचला कचेरी सुटते ती अंधारातच. मला वाटते, घड्याळ एकच ठेवावे, पण पूर्वेकडील शाळा-कचेऱ्या आठला उघडाव्यात. दहा हा आकडा काही पंचांगात लिहिलेला नाही.

आज्जीला मी हा सगळा हिशेब समजावला. तिने ऐकून घेतला आणि एकच विचारले, "मग सांजच्याला एकटाच अंधारात किती वेळ बसतोय रे तो?" तेव्हापासून आम्ही मामांना चार वाजताच फोन करतो, तिथला उजेड जायच्या आत.